हक्क कागदावर, उपचार वेशीबाहेर

“तृतीयपंथीयांचे उपचार हा आपल्या चळवळीचा विषय आहे का?” असे काही मित्र विचारतात. त्यांनी 1934 आठवावे. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. खटला हरले, पण शरीराच्या प्रश्नाला त्यांनी अस्पृश्य मानले नाही.

15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा निकालात संविधानाच्या कलम 14, 15, 19 आणि 21 च्या आधारे सांगितले की, आपले लिंग ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदेशीर आहे.

तरीही 2017 मध्ये आपल्या शेजारच्या बीडमध्ये काय झाले? पोलीस शिपाई ललिता साळवे यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. भरती महिला म्हणून झाली, असे सांगून खात्याने नकार दिला. उच्च न्यायालयाने सेवेचा प्रश्न म्हणून मॅटकडे पाठवले. शेवटी सरकारने परवानगी दिली आणि मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ललिताचे ललित झाले. डॉक्टर होते, सरकारी रुग्णालयही होते. अडवत होता तो कागद.

मग आला 2019 चा कायदा. ‘तृतीयपंथी’ हे ओळखपत्र जिल्हाधिकारी देणार. पण ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखला आणा! न्यायालयाने दारातून घालवलेली अट संसदेने खिडकीतून आत घेतली. त्याच कायद्याच्या कलम 15 मध्ये शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार, समुपदेशन आणि विमा यांची जबाबदारी सरकारवर आहे. म्हणजे पुरावा मागणारे सरकारच, आणि तो पुरावा मिळवून देण्याचे ऋणही सरकारचेच.

आता आपला जिल्हा पाहा. क्षेत्रफळाने राज्यात सर्वात मोठा, 14 तालुके. अकोल्याहून नगर शंभर किलोमीटरहून जास्त. हार्मोन उपचार एका दिवसात संपत नाहीत; तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. ज्याचे पोट रोजंदारीवर, त्याची प्रत्येक फेरीला मजुरी बुडते. पैसेवाला खासगी दवाखान्यात जातो. वस्तीतला ट्रान्स तरुण मात्र थांबतो. जात, गरिबी आणि लिंग इथे एकाच रांगेत उभे राहतात.

म्हणून मागणी साधी आहे: जिल्हा रुग्णालयात ठरावीक दिवशी हार्मोन तपासणी व समुपदेशन, आणि नोंदीसाठी शस्त्रक्रियेची अट रद्द. पाण्याचा हक्क महाडला तळ्यावर जाऊन बजावावा लागला होता. हा हक्कही रुग्णालयाच्या दारात जाऊनच बजावावा लागेल.

जय भीम!