तुटीचं कूळ

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी पाण्याची ‘कमतरता’, घरखर्चातली ‘तूट’ आणि कांद्याचा ‘तुटवडा’ एका दमात निघतात. पण या शब्दांचं कूळ एक नाही.

तूट, तोटा, तुटवडा ही सख्खी भावंडं. संस्कृत ‘त्रुट्’ म्हणजे तुटणे, तिथून ती आली. पुरवठ्याचा धागा तुटला की तुटवडा!

‘कमतरता’ची गंमत निराळी. फारसी ‘कमतर’ म्हणजे आणखी कमी. त्याला मराठीने संस्कृतचा ‘ता’ डकवला. असा संकर व्याकरणाला नसेल रुचत, जिभेला रुचला.

याच पार्कालगतच्या सावरकर सदनात वि. दा. सावरकर राहत. फारसी-अरबी आणि इंग्रजी शब्द हटवू पाहणाऱ्या त्यांच्या भाषाशुद्धीतून ‘दिनांक’, ‘महापौर’ रुळले. ‘कमतरता’ मात्र शाबूत राहिली, अन् ‘तारीख’सुद्धा.