‘एका सप्तकाला एक व्होल्ट’
१. रॉबर्ट मूग यांनी १९६०च्या दशकात सिंथेसायझरसाठी रूढ केलेले माप. व्होल्टेज १ व्होल्टने वाढले की स्वर बरोबर एक सप्तक चढतो. म्हणजे एक सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग) जेमतेम ०.८३ मिलिव्होल्टचा. मीटरवर २.००० ऐवजी २.००५ दिसले, तर तो सा ६ सेंट चढा लागतो आणि तानपुऱ्याला सरावलेल्या कानाला तो खुपतो. लेखकाने इथे आकड्यांचे व्होल्टेज करणाऱ्या परिवर्तकाबद्दल ‘१६ बिट म्हणजे अचूक’ असे म्हटले आहे, ते मात्र पटत नाही. १० व्होल्टच्या पल्ल्यात १२ बिटांची पायरी २.४४ मिलिव्होल्टची, सुमारे ३ सेंटची. १६ बिटांची ०.१५ मिलिव्होल्टची. पण पायरी बारीक असली म्हणून ती जागच्या जागी असतेच असे नाही. सगळे स्वर सारखेच सरकले, तर वाद्य पुन्हा जुळवता येते. सप्तके ताणली गेली, तर तीही स्क्रू फिरवून आवरता येतात. मधल्याच काही पायऱ्या वाकड्या असल्या, तर कुठलाच स्क्रू उपयोगी पडत नाही. प्रत्येक स्वर मोजून दुरुस्तीचा तक्ता करावा लागतो. म्हणून परिवर्तक निवडताना वाचकांनी बिटांच्या आधी रेषीयतेचा, म्हणजे पायऱ्या किती सरळ रेषेत आहेत याचा, आकडा पाहावा. — संपा.