जालन्याच्या हापशाची गोष्ट

गावच्या हापशावर आपण पाणी भरले, नंबरासाठी भांडलो. पण तो आला कुठून, हे कधी विचारले नाही.

१९६७ च्या दुष्काळात युनिसेफने भारताला बोअर पाडणारी यंत्रे मदत म्हणून दिली. कठीण खडकातही पाणी लागले. पण वर बसवलेले बिडाचे पंप एका घराच्या वापराचे, आणि त्यांवर पाणी भरणार अख्खे गाव! १९७४ च्या सुमारास पाहणी झाली, तेव्हा चारातले तीन पंप बंद निघाले. मदतीचा पैसा खर्च झाला होता आणि बायाबापड्या पुन्हा विहिरीवर.

उत्तर आपल्या मराठवाड्यातच होते. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनने पोलादी, एकाच सांध्यावर हलणारा पंप बनवला होता. सोलापुरात त्यात सुधारणा झाली. त्यावरूनच युनिसेफ, सरकार आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रूडास कारखाना यांनी ‘इंडिया मार्क टू’ घडवला. त्यावर कुणी मालकी सांगितली नाही, म्हणून तो आफ्रिकेच्या खेड्यांतही पोहोचला.

तरी एक उणीव राहिली. आतला वायसर झिजला की सगळे पाइप वर ओढावे लागत. ते काम गावाच्या हातचे नव्हते. पुढे ‘मार्क थ्री’त ते सोपे केले गेले.

अनुदान देणारा पंप मोजतो. गाव मात्र पाणी मोजते. नवा पंप बसवायला पैसा मिळतो. दोन वर्षांनी वायसर कोण बदलणार, हे आधी ठरवले तरच ती मदत टिकते.