पोथीच्या चौकटीची कुळकथा

श्रावण लागला की कर्जत-खालापूरकडच्या गावांत पोथी लागते. कुठे हरिविजय, कुठे शिवलीलामृत. पोथी छापील, पण पानाभोवती दुहेरी रेघांची चौकट असते आणि अध्यायाशेवटी ठळक ‘इति’. ही सजावट छापखान्याच्या डोक्यातून निघालेली नाही. हाती लिहिलेल्या पोथ्यांतून ती आली, आणि त्या पोथ्यांचा अख्खा कारखाना रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात, पहिल्याच समासात मांडून ठेवला आहे.

भोवती कोरी जागा सोडा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, असं ते बजावतात. चौकटीचं मूळ हे! पुढे बारीक, सरळ बोरू, हिंगूळ, तगटाची झळझळीत इतिश्री, चितारलेल्या फळ्या, शेंदरी मेणकापडाचं बासन, वर कुलपाची पेटी. परंपरेनुसार दासबोध शिवथरघळीत झाला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, महाड तालुक्यात. मेणकापडाचा एवढा आग्रह का, हे ऐन पावसात त्या घळीसमोरचा धबधबा पाहिला की विचारावं लागत नाही.

काळ्या मजकुरात शब्द सलग लिहिलेले असत. पारा-गंधकाच्या लाल हिंगुळाने काढलेले दंड आणि ओव्यांचे आकडे नसते तर वाचणारा वाटच चुकला असता. युरोपातल्या मठांतही प्रार्थनापोथ्यांची शीर्षकं लाल असत आणि तिथेही हा रंग चाले. सोन्याच्या वर्खात मात्र त्यांनी आपल्याला मागे टाकलं, हे मान्य करावं. आपल्याकडची खरी गंमत हरताळात आहे. चुकलेल्या अक्षरावर हा पिवळा लेप द्यायचा आणि वाळला की त्यावरच नवं अक्षर काढायचं.

1831 साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापलं. सोवळ्यातल्यांची शंका फिटावी म्हणून ते शाईत चरबीऐवजी तूप घालत, असं सांगतात. दगडावर हाताचंच वळण उमटे, त्यामुळे पोथीचं रूप टिकलं. 1869 साली जावजी दादाजींचं निर्णयसागर निघालं आणि शिशाच्या खिळ्यांचा जमाना आला. दुसरा रंग म्हणजे कागद पुन्हा यंत्रात घालणं, म्हणजे दुप्पट काम; बहुतेक पोथ्यांतून लाल गेला. चौकट तेवढी राहिली.

तुमच्या माळ्यावर हस्तलिखित पोथी असेल तर जीर्ण झाली म्हणून उल्हास किंवा पाताळगंगेत सोडू नका, चिकटपट्टीही लावू नका. सुती कापडात गुंडाळा आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेला किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाला एकदा दाखवा.