हिरकणी (चित्रपट)

'हिरकणी' हा २०१९ साली प्रदर्शित झालेला मराठी चित्रपट होय. त्याचे दिग्दर्शन प्रसाद ओक यांनी, लेखन चिन्मय मांडलेकर यांनी केले असून हिरकणीची भूमिका सोनाली कुलकर्णी यांनी साकारली आहे.

कथानक

रायगडाच्या पायथ्याशी राहणारी गवळण कोजागरी पौर्णिमेला दूध घेऊन गडावर जाते. परतण्यास उशीर होतो आणि शिरस्त्याप्रमाणे दरवाजे बंद होतात. घरी तान्हे मूल असल्याने ती पहाटेची वाट न पाहता कड्यावरून उतरून जाते.

लोककथा व इतिहास

ही कथा मुख्यतः मौखिक परंपरेने चालत आली आहे. त्यामुळे तिचे तपशील इतिहास म्हणून न स्वीकारता लोकस्मृती म्हणून पाहणे योग्य ठरते. मात्र स्थळ खरे आहे. गडाच्या पश्चिमेकडील चिंचोळ्या टोकावरील बुरूज आजही हिरकणीच्या नावाने ओळखला जातो. तिचे धाडस कळल्यावर शिवाजी महाराजांनी तिचा गौरव केला व तो बुरूज बांधविला, असे परंपरा सांगते.

आस्वाद

चित्रपटाचा गाभा कडा उतरण्याच्या प्रसंगात आहे. कडा चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते. कारण पुढची खोबण डोळ्यांना दिसत नाही, ती पायाने चाचपावी लागते. आश्विनात सह्याद्रीचे कातळ पावसाळी गवताने झाकलेले असतात व पाय निसटतो. शिवाय पौर्णिमेचा चंद्र पूर्वेला उगवतो. त्यामुळे पश्चिमेचा उतार पूर्वरात्री सावलीतच राहतो. हे ध्यानात घेतले, म्हणजे या प्रसंगातील भय केवळ पडद्यावरचे वाटत नाही. येथे शत्रू कोणीच नाही. गडाचा अभेद्यपणा हेच स्वराज्याचे बळ आणि तोच या मातेपुढील अडथळा, या विरोधात कथेचे मर्म आहे.

परंपरा

कडा आणि रात्र यांचे नाट्य मराठी चित्रसृष्टीला जुनेच आहे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली 'सिंहगड' हा मूकपट काढला. त्यात तानाजी मालुसरे यांचे मावळे लढण्यासाठी कडा चढतात. हिरकणी बाळासाठी उतरते. पहिल्या पराक्रमाची नोंद इतिहासाने ठेवली, दुसऱ्याची लोकांनी. राज्य परिवहन महामंडळाची 'हिरकणी' बस व सार्वजनिक ठिकाणी स्तनदा मातांसाठी असलेले 'हिरकणी कक्ष' ही त्याच स्मृतीची आजची रूपे होत.