कॅन्सर गेला, मग या वाफा कसल्या?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर किरणोपचार पूर्ण केलेल्या चाळिशीच्या आतल्या स्त्रिया तपासणीला येतात. रिपोर्ट चांगले असतात. मग उठता उठता हळूच सांगतात, "रात्रभर अंगातून वाफा निघतात, झोप नाही, नवऱ्याजवळ जायची भीती वाटते." जीव वाचला ना, मग तक्रार कशाला करायची, असं त्यांना वाटतं. तुम्हालाही वाटत असेल तर हा इतिहास वाचा.

अंडाशय काढले की पाळी जाते, हे डॉक्टरांना जुनंच ठाऊक आहे. अमेरिकेत जॉर्जियातल्या रॉबर्ट बॅटी यांनी 1872 मध्ये पाळीच्या त्रासावर उपाय म्हणून अंडाशय काढायला सुरुवात केली. पाळी थांबवणं हाच त्यांचा हेतू होता! पुढे किरणोपचार आले. ओटीपोटावर किरण दिले की अंडाशय जागच्या जागी राहूनही बंद पडतात. एरवी काही वर्षांत होणारा बदल इथे काही आठवड्यांत होतो, म्हणून त्रासही जास्त.

इस्ट्रोजेन 1929 मध्ये वेगळं करता आलं. 1942 मध्ये अमेरिकेत 'प्रेमारिन' गोळी आली, तीही गाभण घोडीच्या मूत्रापासून बनवलेली. 1966 मध्ये रॉबर्ट विल्सन यांच्या 'फेमिनाइन फॉरएव्हर' या पुस्तकाने तर इस्ट्रोजेन म्हणजे चिरतारुण्य असा गाजावाजा केला. मग 1975 मध्ये दिसलं, की नुसतं इस्ट्रोजेन घेतल्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. त्यावर प्रोजेस्टेरॉन जोडण्याचा उपाय निघाला.

खरा धक्का जुलै 2002 मध्ये बसला. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकन अभ्यासातला दोन हार्मोन एकत्र देण्याचा भाग मध्येच थांबवला. स्तनाचा कॅन्सर, हृदयविकार, पक्षाघात थोडे वाढलेले दिसले. जगभर गोळ्या बंद झाल्या. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, आणि पाळी नैसर्गिकपणे गेलेल्या बायकांचा तो प्रश्न होता. पस्तिशीत अंडाशय गमावलेलीला तोच नियम लावणं मला आजही चूक वाटतं. तिला हार्मोन न देण्याचीही किंमत असते. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.

याच भीतीचा फटका आणखी एका अभ्यासाला बसला. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असताना शस्त्रक्रिया झालेल्या 1236 स्त्रियांना इस्ट्रोजेन किंवा साधी गोळी दिली होती. 2002 नंतर नवीन स्त्रिया मिळेनात, तो लवकर बंद करावा लागला. 2006 मध्ये निकाल आला. कॅन्सर परत आला तो इस्ट्रोजेन गटात 2.3 टक्के आणि दुसऱ्या गटात 1.9 टक्के. अभ्यास अपुरा राहिल्याने ठाम उत्तर मिळालं नाही, पण मोठा फरकही दिसला नाही.

गर्भाशयमुखाचा नेहमीचा (स्क्वेमस) कॅन्सर हार्मोनवर पोसला जात नाही, त्यामुळे तिथे हार्मोन बहुधा देता येतात. किरणोपचारानंतर गर्भाशय जागेवर असेल तर प्रोजेस्टेरॉनही हवं. स्तनाचा कॅन्सर झाला असेल, किंवा अंडाशयाचे काही प्रकार असतील, तर मात्र टाळतात. तिथे वाफांसाठी बिनहार्मोनची औषधं आहेत. कोरडेपणासाठी बिनहार्मोनची मलमं मिळतात. किरणोपचारानंतर योनीमार्ग आकसू नये म्हणून डायलेटर वापरायला शिकवतात.

पुढच्या भेटीत कॅन्सरच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: "माझा कॅन्सर नेमका कोणत्या प्रकारचा, आणि मला हार्मोन चालतील का?"