निवडुंगाची जुनी चित्रे

कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाई आणि संप ह्यांखेरीज काही बोलेल अशी श्रोत्यांची अपेक्षा नसते. आज आम्ही निवडुंगाविषयी बोलणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण अल्प. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, सभा नसलेल्या संध्याकाळी. तज्ज्ञांनी उदार मनाने ऐकून घ्यावे.

वनस्पतिशास्त्राचा कारभार वाळलेल्या नमुन्यांवर चालतो. डहाळी कागदांत दाबून वाळवली, चिकटवली, की ती शंभर-दोनशे वर्षे साक्षीला उभी राहते. परंतु निवडुंग, कोरफड, पानफुटी ह्या मांसल वनस्पतींनी हा कायदा कधी जुमानला नाही. अंगात पाणी साठवलेले. दाबल्या तर कुजतात, आणि न कुजल्या तर कागदांच्या चळतीत महिनोन्महिने जिवंत राहून कोंबही काढतात. उकळत्या पाण्यात बुडवून माराव्यात तर रंग आणि रूप दोन्ही जातात. म्हणून ह्या झाडांचे चित्र ही दिवाणखान्याची शोभा नव्हती, पुरावा तोच. आजही कित्येक मांसल वनस्पतींच्या शास्त्रीय नावांना अधिकृत आधार आहे तो एखाद्या जुन्या चित्राचा.

आपल्याच किनाऱ्यावरचा दाखला घ्या. डच कंपनीचा मलबारातील अधिकारी व्हान ऱ्हेडे ह्याने 'होर्तुस मलबारिकुस' हा ग्रंथ सिद्ध करविला. 1678 ते 1693 ह्या काळात आम्स्टरडॅमला त्याचे 12 खंड निघाले. कुंपणाचा आपला शेर त्यात 'तिरुकळ्ळी' ह्या मलबारी नावाने चितारला आहे; 1753 मध्ये लिनीअसने तेच नाव शास्त्रात कायम केले. पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट ह्या तीन कोंकणी वैद्यांची जबानी चक्क नागरी अक्षरांत छापली आहे. इट्टी अच्युतन ह्या मलबारी वैद्याचीही आहे. कंपनी नफ्यासाठी आली होती ह्याविषयी आमच्या मनात संशय नाही. पण माहिती देणाऱ्याचे नाव ऱ्हेडेने गिळले नाही, हे मान्य केले पाहिजे.

इंग्लंडात रिचर्ड ब्रॅडलीने 1716 ते 1727 मध्ये खास मांसल वनस्पतींवर दहा-दहा चित्रांचे पाच भाग काढले. चित्रे मात्र बिनरंगी. पानांवरचा राखी-निळा लेप काळ्या रेघांत कसा उतरणार?

तो उतरला पॅरिसला, 1799 पासून. चित्रकार पिएर-जोसेफ रदूते, वय चाळिशीचे. लेखक द कांदोल, जेमतेम एकवीस वर्षांचा. रदूते पूर्वी राणी मारी आंत्वानेतचा चित्रकार. क्रांतीत, 1793 मध्ये, राणीचा शिरच्छेद झाला, चित्रकार टिकला. जिवंत झाडे समोर ठेवून त्याने ही चित्रे काढली, आणि ग्रंथ भागाभागाने निघत राहिला.

ह्या ग्रंथाची छपाई हा आमच्या खऱ्या कुतूहलाचा विषय. छापखान्यांतल्या कामगारांत वावरताना रंगीत छपाई आम्ही जवळून पाहिली आहे: चार रंग, चार प्लेटा, कागद चारदा शाई घेतो. रदूतेच्या ग्रंथाला प्लेट एकच, तांब्याची. तिच्यावर रेघांऐवजी बारीक ठिपके कोरलेले, त्यामुळे गुबगुबीत पानाची गोलाई आपोआप येते. मग कामगाराने चिंध्यांची लहान बोळी घ्यायची. पानावर हिरवी शाई, कडेला तांबडी, फुलात पिवळी, अशी त्याच एका प्लेटवर भरायची, जास्तीची पुसायची, आणि एक प्रत काढायची. दुसऱ्या प्रतीसाठी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय छापून झाल्यावर जलरंगाची कुंचली हाताने फिरवायची ती वेगळीच. चित्रे सुमारे 180. प्रत्येकाच्या किती प्रती निघाल्या असतील त्याने गुणावे आणि मग ते हात डोळ्यांसमोर आणावेत.

पानाची कड तांबडी की हिरवी, ह्यावर जात ओळखण्याचा प्रश्न अडतो. म्हणजे बोळी फिरवणारा चुकला तर पुरावाच चुकला. रदूतेने कारागिरांना वाऱ्यावर सोडले नव्हते, पद्धत त्यानेच बसवली, हे त्याचे मोठेपण. तरी शीर्षकपृष्ठावर लेखकाचे नाव आहे, चित्रकाराचे आहे. बोळीवाल्यांपैकी एकाचेही नाही. तीन कोंकणी वैद्यांना जी एका पानाची जागा मिळाली, ती त्याहून सव्वाशे वर्षांनी, समतेची घोषणा झालेल्या पॅरिसात, ह्यांना मिळाली नाही.